बेडफोर्डची लेस्टर गाडी नेमकी कुणाच्या हातात आहे?

प्रश्न थोडक्यात असा होता. पुण्याहून दीड वर्षापूर्वी इंग्लंडात बेडफोर्डला राहायला आलेलं एक जोडपं. नवऱ्याचं ऑफिस लंडनला फॅरिंग्डनजवळ, तिकडे थेट गाडी आहे, त्यामुळे तक्रार नाही. बायकोला लेस्टरच्या रुग्णालयात नोकरी लागली, आणि बेडफोर्डहून लेस्टरला थेट गाडी नाही, केटरिंगला उतरून दुसरी पकडावी लागते. परवा दारावर आलेले एक स्थानिक उमेदवार म्हणाले, "आम्हाला निवडून द्या, लेस्टरची गाडी परत आणतो." हे त्यांच्या हातात आहे का? नसेल तर खासदाराला लिहावं का? आणि दोघंही अजून भारतीय नागरिक असताना त्यांचं कुणी ऐकेल का?

मी इथल्या रेल्वेत वेळापत्रक आखणाऱ्या विभागात बरीच वर्षं काढली. आता प्रवाशांच्या बाजूने बसून त्याच विभागाशी वाद घालतो. त्यामुळे दोन्हीकडची बाजू सांगू शकेन.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सरळ आहे आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं. भारत राष्ट्रकुलात आहे. ब्रिटनमध्ये कायदेशीर व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक मतदार यादीत नाव घालू शकतो, आणि मतदान फक्त नगरपालिकेलाच नाही, संसदेच्या निवडणुकीलाही करू शकतो. वर्क व्हिसावर असलात तरी चालतं. मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, त्याला भारतीय पासपोर्ट चालतो. तेव्हा आजच नाव नोंदवा. खासदाराला लिहायला मात्र मतदार असणंही गरजेचं नाही, त्यांच्या मतदारसंघात राहत असलात की पुरे. पत्रात पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घाला. पत्ता नसलेलं पत्र त्यांच्या ऑफिसात पहिल्याच टेबलावर अडकतं, कारण दुसऱ्या मतदारसंघाच्या माणसाचं काम घ्यायचं नाही असा संसदेचा जुना संकेत आहे. बेडफोर्ड शहर आणि केम्पस्टन एका मतदारसंघात येतात. शहराबाहेर उत्तरेकडच्या गावांत राहत असाल तर तुमचा खासदार वेगळा, त्यामुळे पोस्टकोड टाकून एकदा खात्री करून घ्या.

आता मुख्य प्रश्न. आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं. तालुक्याच्या गावाला एक्स्प्रेसचा थांबा हवा असतो, खासदार दिल्लीत रेल्वेमंत्र्यांना निवेदन देतात, दोन-चार वर्षांनी "प्रायोगिक तत्त्वावर" थांबा मिळतो आणि पहिल्या दिवशी फलाटावर हार-तुरे आणि हिरवा झेंडा. हे चित्र घेऊन इथल्या रेल्वेकडे गेलात तर निराश व्हाल. थांबा देण्याचा अधिकार इथे एका टेबलावर नाही, तो चार-पाच टेबलांवर वाटलेला आहे, आणि त्यातल्या एकाही टेबलामागे तुमचा नगरसेवक बसलेला नाही. म्हणून "कुणाला लिहू?" हा प्रश्न अर्धाच आहे. कुठला निर्णय कुणाच्या टेबलावर आहे आणि तो तिथे कधी येतो, हे आधी कळलं पाहिजे.

लेस्टरची गाडी गेली कशी, ते पाहू. बेडफोर्ड मिडलँड मेन लाइनवर आहे. दक्षिणेला लंडनचं सेंट पँक्रस, साधारण ८० किलोमीटरवर, आणि उत्तरेला केटरिंग, लेस्टर, पुढे नॉटिंगहॅम, डर्बी, शेफील्ड. या मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या धावतात. एक थेम्सलिंक, जी बेडफोर्डहून निघून लंडनच्या पोटातून थेट ब्रायटनपर्यंत जाते. दुसऱ्या लांब पल्ल्याच्या, पूर्वी ईस्ट मिडलँड्स ट्रेन्सच्या आणि २०१९ पासून ईस्ट मिडलँड्स रेल्वेच्या, म्हणजे ईएमआरच्या. पूर्वी या लांब पल्ल्याच्या काही गाड्या बेडफोर्डला थांबायच्या, त्यामुळे लेस्टर एका गाडीत गाठता यायचं.

मे २०१८ मध्ये थेम्सलिंकचं नवं वेळापत्रक आलं. लंडनच्या मधल्या बोगद्यातून जास्त गाड्या काढायच्या म्हणून सगळ्या वेळा नव्याने बसवल्या गेल्या. त्या गडबडीत लांब पल्ल्याच्या गाड्यांचे गर्दीच्या वेळचे बेडफोर्ड आणि लुटनचे थांबे काढून टाकले गेले. लंडनला जाणारे बेडफोर्डचे लोक खवळले. २०१७ पासून बेडफोर्डचे खासदार असलेले मजूर पक्षाचे मोहम्मद यासीन यांनी विषय संसदेत नेला, प्रवासी संघटना मागे लागली, वर्तमानपत्रांत आलं. सरकारचं म्हणणं होतं की थांबे २०२० च्या अखेरीस परत येतील. प्रत्यक्षात ते मे २०२१ मध्ये आले, तेही वेगळ्या रूपात. केटरिंग-कॉर्बीपर्यंत विजेच्या तारा पोचल्यावर ईएमआरने कॉर्बी ते सेंट पँक्रस अशी दर अर्ध्या तासाला विजेची गाडी सुरू केली आणि ती बेडफोर्डला थांबू लागली. लंडनचा प्रश्न सुटला. पण त्याच वेळी नॉटिंगहॅम-शेफील्डच्या गाड्यांचे बेडफोर्डचे नेहमीचे थांबे गेले, आणि तुमच्या पत्नीची थेट गाडी त्यातच गेली.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा (आणि तो माझाच आहे, कुठल्या अहवालाचा नाही): लंडनला जाणारे हजारो होते, रोज त्याच फलाटावर भेटत होते आणि संघटित होते. लेस्टरला जाणारे थोडे होते, वेगवेगळ्या वेळी जायचे, एकमेकांना ओळखतही नव्हते. खासदार ज्या आवाजावर उभा राहतो तो आवाज लंडनवाल्यांचा होता. त्यात खासदाराचा दोष नाही. लेस्टरवाल्यांनी आपली मोजदाद कुणापुढे ठेवलीच नाही.

आता वेळापत्रकवाल्याच्या टेबलावर या, म्हणजे "एक थांबा द्यायला काय जातं?" याचं उत्तर मिळेल. आमच्यापुढे एक आलेख असतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्टेशनं, वर सेंट पँक्रस आणि खाली शेफील्ड. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वेगवान गाडीची रेघ खडी, संथ गाडीची पसरट. गाडी थांबली की रेघ तेवढा वेळ आडवी होते. वेळा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बसवतात, म्हणून प्रत्येक रेघेच्या आगेमागे किती जागा मोकळी आहे ते डोळ्यांना लगेच दिसतं. बेडफोर्डला थांबायचं म्हणजे आधी वेग कमी करायचा, उभं राहायचं, मग पुन्हा वेग घ्यायचा. सगळं धरून तीन-चार मिनिटं सहज जातात. तेवढ्याने ती रेघ मागच्या गाडीच्या रेघेवर जाऊन टेकते. मागची हलवली की तिच्यामागे येणारी थेम्सलिंक हलते. थेम्सलिंक हलली की लंडनच्या बोगद्यातली तिची जागा हुकते, आणि तिथे दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या तिची वाट पाहत नाहीत. दुसऱ्या टोकाला सेंट पँक्रसला लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी फलाट चारच. तीन मिनिटं उशिरा आलेली गाडी फलाटही तीन मिनिटं उशिरा मोकळा करते. एका थांब्यासाठी अर्धा आलेख पुसावा लागल्याचं मी स्वतः पाहिलंय.

शिवाय या आलेखाला राजकारण चिकटलेलं आहे. लेस्टरचे खासदार, नॉटिंगहॅमचे, डर्बीचे, शेफील्डचे, सगळ्यांची मागणी एकच असते: लंडनचा प्रवास आणखी लवकर करा. त्यांच्या दृष्टीने बेडफोर्डचा थांबा म्हणजे त्यांच्या मतदारांची तीन मिनिटं, वर लंडनला चढलेला बेडफोर्डचा माणूस शेफील्डवाल्याची जागा अडवणार. उत्तरेकडच्या मोठ्या शहरांचे खासदार एकीकडे आणि बेडफोर्डचा एकटा दुसरीकडे, असा हा सामना आहे. "आमच्या खासदाराने जोर लावला नाही" असं म्हणताना हेही लक्षात असू द्या.

निर्णय मग घेतं कोण? कुठल्या मार्गावर तासाला किती गाड्या आणि त्या साधारण कुठे थांबणार, हे केंद्र सरकारचं परिवहन खातं रेल्वे कंपनीच्या कंत्राटात लिहून देतं. त्या चौकटीत कंपनी वेळा मागते. रूळ नेटवर्क रेल या सरकारी संस्थेचे, ती सगळ्या कंपन्यांच्या मागण्या एकत्र बसवते. रुळांवर कुणाला किती हक्क याचा निवाडा ओआरआर हा नियामक करतो. २०१८ च्या मेमध्ये थेम्सलिंक आणि उत्तरेकडच्या नॉर्दर्न कंपनीचं वेळापत्रक कोसळलं, आठवडेच्या आठवडे गाड्या रद्द होत राहिल्या, तेव्हा ओआरआरचे अध्यक्ष स्टीफन ग्लेस्टर यांनी चौकशी केली. त्यांच्या निष्कर्षाचा सारांश असा की सूत्रं कुणीच हातात घेतली नव्हती. आत बसलेल्यांना ते ऐकून धक्का बसला नाही.

त्या उमेदवाराकडे येऊ. बेडफोर्डची रचना थोडी वेगळी आहे. २००९ पासून जिल्हा परिषदेसारखी वरची पायरी गेली, बेडफोर्ड बरो कौन्सिल हीच सगळी स्थानिक सत्ता. सुमारे १ लाख ८५ हजार लोकवस्तीचा हा बरो आहे. मेयर लोक थेट निवडून देतात आणि कारभार खरोखर तेच चालवतात, आपल्याकडच्या महापौरासारखं आयुक्तांकडे बघत बसावं लागत नाही. पण म्हणून ते मँचेस्टर किंवा लिव्हरपूलच्या मेयरांच्या पंगतीतले नाहीत. त्या मोठ्या प्रदेशांच्या मेयरांकडे वाहतुकीचे अधिकार आणि पैसा आहे. लिव्हरपूलकडची मर्सीरेल तर तिथलाच प्रादेशिक कारभार कंत्राटावर चालवून घेतो. बेडफोर्डच्या मेयरला रेल्वे वेळापत्रकातलं एक मिनिटही हलवता येत नाही. नगरसेवकाला तर नाहीच. त्यामुळे दारावर मिळालेलं आश्वासन ऐकून "छान" म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा: "आणणार कसे? कुणाला, कधी लिहिणार?" उत्तर देता आलं तर माणूस कामाचा आहे.

मे २०२३ चं उदाहरण सांगतो, म्हणजे स्थानिक कौल कुठवर पोचतो ते कळेल. ऑक्सफर्ड ते केंब्रिज अशी नवी ईस्ट वेस्ट रेल बेडफोर्डमधून नेण्याचं ठरत होतं. स्टेशनच्या उत्तरेला रुळांची संख्या वाढवायची, त्यासाठी पोएट्स एरियातली काही घरं पाडावी लागणार. या भागातल्या रस्त्यांना शेक्सपिअर, चॉसर अशा कवींची नावं आहेत, जुनी विटांची सुंदर घरं आहेत. तेव्हाचे मेयर, लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे डेव्ह हॉजसन, रेल्वे शहरातून जावी या मताचे. त्या महिन्यातल्या निवडणुकीत ते थोडक्यात हरले आणि या मार्गाला विरोध करणारे हुजूर पक्षाचे टॉम वूटन निवडून आले. आणि त्याच महिन्यात सरकारने जाहीर केलं की मार्ग बेडफोर्ड शहरातूनच, उत्तरेला सहा रूळ. मेयर बदलला, रेघ बदलली नाही. वर सरकारही हुजूर पक्षाचंच होतं, म्हणजे "वर आमचंच सरकार आहे" हा युक्तिवादही तिथे उपयोगी पडला नाही.

पण नगरपालिका कुचकामी आहे असा याचा अर्थ काढू नका. तिच्या हातात रुळांच्या कडेची सगळी जमीन असते, म्हणजे बांधकामाची परवानगी. बेडफोर्डच्या दक्षिणेला विक्सॅम्स नावाची नवी वसाहत उभी राहिली. घरं बांधणाऱ्यांनी परवानगीच्या बदल्यात स्टेशनसाठी पैसे द्यायचे, अशी अट होती. घरं आली, लोक आले, आणि स्टेशनची वाट त्यांनी पंधराहून जास्त वर्षं पाहिली. या काळात ती फाइल जिवंत ठेवण्याचं काम नगरपालिकेने केलं, नेटवर्क रेलच्या मागे लागून, खर्चाचा मेळ घालत. मग एप्रिल २०२५ मध्ये युनिव्हर्सलचं भलं मोठं थीम पार्क शेजारीच होणार असं जाहीर झालं, आणि त्याच स्टेशनला मोठं करायला सरकार तयार झालं. म्हणजे प्रवासी असूनही पंधरा वर्षं रखडलेलं काम पर्यटकांच्या नावाने पळायला लागलं. चिडायचं की हसायचं ते तुम्ही ठरवा. मुद्दा असा की स्टेशन कुठे आणि किती मोठं, या चर्चेत नगरसेवकाला खुर्ची असते. गाडी तिथे कधी थांबणार, या चर्चेत नसते.

तुमच्या बाबतीत नगरसेवकाकडे मागण्यासारखं खरं काम एकच: पहाटे स्टेशनवर पोचणं. पत्नीची पाळी सकाळी लवकर असेल तर पहिली बस तुमच्या भागातून किती वाजता निघते? कंपनीला न परवडणाऱ्या बससेवेला अनुदान द्यायचं की नाही हे नगरपालिका ठरवते. सायकल ठेवायची सुरक्षित जागा, रस्त्यावरचे दिवे, स्टेशनपर्यंतचा फुटपाथ, हेही तिच्याच वाट्याला येतं. केटरिंगची गाडी हातची जाण्याचं मूळ कारण कधीकधी न आलेली बस असते. यात नगरसेवक काही आठवड्यांत फरक पाडू शकतो, आणि मतं मागायला आलेल्या माणसाला हेच विचारावं.

खासदाराचं काय? खासदाराकडे गाडी नसते, प्रश्न असतो. सभागृहात तोंडी प्रश्न, लेखी प्रश्न, दिवसाच्या शेवटी मिळणारी अर्ध्या तासाची चर्चा, मंत्र्याला पत्र, कंपनीच्या वरिष्ठांशी बैठक. यातलं सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात धारदार शस्त्र लेखी प्रश्न हे आहे, कारण त्याचं उत्तर छापील राहतं आणि पुढच्या वेळी ते दाखवून भांडता येतं. मंत्र्याला पाठवलेल्या पत्राचा प्रवास सांगतो. ते मंत्र्याच्या ऑफिसातून खात्यातल्या अधिकाऱ्याकडे जातं. तो कंपनीला विचारतो, "यावर काय म्हणायचं?" कंपनीत ते आमच्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर येतं. आम्ही चार वाक्यं लिहून देतो, ती मऊ होत होत वर जातात आणि मंत्र्याच्या सहीने खासदाराकडे परततात. म्हणून "बेडफोर्डच्या सेवेबद्दल काळजी वाटते" असं मोघम लिहिलेल्या पत्राला मोघमच उत्तर येतं. आमच्याकडे त्याचे तयार परिच्छेद असायचे. पण पत्रात नेमका प्रश्न असेल, आकडा मागितला असेल, तर तो परिच्छेद चालत नाही, कुणाला तरी आकडा काढावाच लागतो.

जाता जाता एक गंमत. जुलै २०२४ मध्ये रेल्वेचे राज्यमंत्री झालेले पीटर हेंडी हे हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य. आधी लंडनच्या वाहतुकीचे आणि मग नेटवर्क रेलचे प्रमुख राहिलेला, विषय आतून माहीत असलेला माणूस. पण ते तुमच्या खासदारासमोर त्याच सभागृहात उभे राहत नाहीत. खासदाराने कॉमन्समध्ये विचारलं तर उत्तर दुसराच मंत्री देतो. रेल्वेच्या बाबतीत कागदावरचा प्रश्न तोंडी प्रश्नापेक्षा जास्त कामाचा, असं मी म्हणतो त्याला हेही एक कारण आहे.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: बस, दिवे, सायकल, नव्या स्टेशनच्या अटी नगरसेवक आणि मेयरकडे, आकडे, खुलासे आणि मंत्र्यावर दबाव खासदाराकडे, थांबा स्वतः परिवहन खातं, कंपनी आणि नेटवर्क रेल यांच्या तिढ्यात.

आता मागायचं काय? इथे बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पत्नीची पाळी ठरलेली आहे की फिरती, आठवड्यातून किती दिवस जायचं, रात्री परत येताना केटरिंगला किती वेळ उभं राहावं लागतं, हे मला माहीत नाही. पण एक सल्ला बिनदिक्कत देतो: "सगळ्या थेट गाड्या परत आणा" असं मागू नका. ते मागणं म्हणजे उत्तरेच्या सगळ्या खासदारांना अंगावर घेणं, आणि आलेख पाहता त्याला "शक्य नाही" हे उत्तर द्यायला कुणालाही पाच मिनिटं पुरतात. छोटं आणि नाकारायला अवघड असं मागा. पहाटेची एक उत्तरेकडची गाडी आणि रात्री उशिराची एक दक्षिणेकडची गाडी बेडफोर्डला थांबवता येईल का? त्या वेळेला आलेखात रेघा विरळ असतात, तीन मिनिटं सामावून घेता येतात. ते नाही, तर केटरिंगची जोडणी तरी भरवशाची करा: दोन गाड्यांमध्ये फलाट बदलायला पुरेशी मिनिटं ठेवा आणि पहिली गाडी थोडी उशिरा आली तर रात्रीची शेवटची दुसरी गाडी थांबवून धरा. शेवटच्या गाडीबद्दलची मागणी नाकारताना कंपनीला लाज वाटते, कारण ती हुकली तर टॅक्सी त्यांनाच करून द्यावी लागते.

आणि वेळ पाळा. बहुतेक लोक इथेच चुकतात. ब्रिटनमध्ये वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मेच्या आणि डिसेंबरच्या मध्यात. लोक नवं वेळापत्रक हातात पडलं की तक्रार करतात, तेव्हा ते वेळापत्रक आमच्या दृष्टीने जुनं झालेलं असतं. कंपन्या आपल्या मागण्या साधारण चाळीस आठवडे आधी नेटवर्क रेलकडे देतात आणि सव्वीस आठवडे आधी त्यांना ठरलेल्या वेळा परत मिळतात. हिशोब करा: डिसेंबरच्या बदलासाठी मागणी मार्चच्या सुरुवातीला जाते, मेच्या बदलासाठी आदल्या ऑगस्टमध्ये. त्याआधी कंपनी आणि खातं काय मागायचं ते ठरवत असतात. तेव्हा डिसेंबरला काही हवं असेल तर तुमचं पत्र आदल्या शरद ऋतूत खासदाराकडे पोचलं पाहिजे, नाताळच्या आधी. मार्चनंतर आलेलं पत्र आम्ही प्रामाणिकपणे "पुढच्या वेळी विचार करू" या ढिगावर ठेवायचो.

पत्र लहान ठेवा. मी लिहिलं असतं तर साधारण असं: "मी अमुक पत्त्यावर राहते. लेस्टरच्या रुग्णालयात काम करते. पाळी इतक्या वाजता सुरू होते आणि संपते. मे २०२१ पासून केटरिंगला गाडी बदलावी लागते. गेल्या महिन्यात या-या तारखांना जोडणी हुकली आणि इतका उशीर झाला. माझ्याबरोबर असा प्रवास करणारे आणखी इतके जण आहेत, त्यांच्या सह्या सोबत आहेत. कृपया मंत्र्यांना लेखी विचारावं की २०२१ च्या बदलाआधी आणि नंतर बेडफोर्ड-लेस्टर प्रवास किती लोक करत होते, आणि पुढच्या डिसेंबरच्या वेळापत्रकात पहाटे व रात्री एकेक थांबा तपासून पाहण्यास कंपनीला सांगितलं जाईल का." एवढंच. रागाचा परिच्छेद घालू नका. तो आम्ही वाचायचोच नाही.

"आणखी इतके जण" हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे. लेस्टरला जाणारे विखुरलेले आहेत हे वर म्हटलंच. तुमच्या पत्नीने रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या गटात विचारावं, बेडफोर्डच्या दिशेने कोण-कोण येतं. बेडफोर्डमध्ये प्रवाशांची जुनी संघटना आहे, बेडफोर्ड कम्युटर्स असोसिएशन. तिचा भर स्वाभाविकपणे लंडनवर असतो, तरी कंपनीच्या लोकांशी तिची ऊठबस असते. प्रवाशांची बाजू मांडणारी ट्रान्सपोर्ट फोकस ही अधिकृत संस्थाही आहे. कंपनीकडे तक्रार करून समाधान झालं नाही, तर तिच्या कानावर घालून ठेवा. आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने स्वतःच्या लेटरहेडवर "कर्मचारी मिळायला या गाडीमुळे अडचण येते" असं लिहिलं, तर त्या एका कागदाचं वजन पन्नास सह्यांहून जास्त असतं. शिवाय ते पत्र लेस्टरच्या खासदारालाही जाऊ द्या. उत्तरेकडच्या खासदारांपैकी एक जरी तुमच्या बाजूने बोलला, तर वर सांगितलेला सामना एकतर्फी राहत नाही.

आकडे स्वतःही मिळवता येतात. ओआरआर दरवर्षी प्रत्येक स्टेशनच्या प्रवासीसंख्येचे अंदाज प्रसिद्ध करतं. परिवहन खातं, नेटवर्क रेल आणि नगरपालिका यांना माहिती अधिकाराचा कायदा लागू आहे, वीस कामकाजी दिवसांत उत्तर देणं भाग असतं. खाजगी रेल्वे कंपन्यांना तो लागू नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या कायद्याने प्रवासी सेवा एकेक करून सरकारी मालकीत येत आहेत, आणि सरकारी झालेली कंपनी या कायद्याच्या कक्षेत येते. पुढे रूळ आणि गाड्या ग्रेट ब्रिटिश रेल्वेज या एकाच संस्थेखाली आणायचं सरकारने ठरवलंय, त्याचं विधेयक नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत आलं. त्यात मोठ्या प्रदेशांच्या मेयरांना रेल्वेच्या नियोजनात बोलण्याची जागा आहे. बेडफोर्डचे मेयर त्यांत बसत नाहीत, म्हणून बेडफोर्डसारख्या गावांचं पारडं आणखी हलकं होईल अशी मला भीती वाटते. दारावर आलेल्या उमेदवाराला हाही प्रश्न विचारा. लेस्टरच्या गाडीच्या आश्वासनापेक्षा त्याचं उत्तर जास्त काही सांगेल.

तोवर रोजच्या प्रवासाबद्दल एक गोष्ट पाळा. बेडफोर्ड ते लेस्टर असं एकच तिकीट काढा. मग पहिल्या गाडीच्या उशिरामुळे केटरिंगची जोडणी हुकली तर लेस्टरला पोचायला एकूण किती उशीर झाला ते धरून डिले रिपेची भरपाई मागता येते. दर वेळी मागा, रक्कम किरकोळ असली तरी. प्रत्येक दाव्याची नोंद कंपनीकडे राहते, आणि "ही जोडणी चालते" असं कंपनी म्हणाली की तुमच्याकडे तारखा तयार असतात. त्या तारखांचा तक्ता करून ठेवा आणि पत्राचा मसुदा नाव-पत्ता काढून इथे टाका. आकडे आणि भाषा मी पाहून देतो, पण सप्टेंबरच्या आत टाका.